तपासणाऱ्याची सही

९ तारीख, सोमवार, दुपार

ताई,

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, म्हणून कागद. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. आणि आधीच सांगते, शुद्धलेखन काढू नकोस. मला इंग्लिश शाळेत सोडायला तूच यायचीस, माझं मराठी जे काही आहे ते तुझ्याच तोंडचं आहे.

तू आली नाहीस.

खरं तर एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण मग झोंबणार कसं?

लग्नाच्या रजिस्टरमध्ये साक्षीदाराच्या तीन जागा होत्या. त्याच्याकडचे दोघे झाले, तिसरी तुझी. तो क्लार्क पेन धरून बसला होता आणि मी म्हणत होते, येईल, येईल, रस्त्यात असेल. दहा मिनिटं. त्याने घड्याळाकडे बघितलं, मावशीने माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी मावशीनेच सही ठोकली. पूर्ण नाव, वर दोन ठिपके. तिचा चष्मा पण घरी राहिला होता. माझ्या लग्नाची साक्ष मावशीने न बघता दिली, समज.

त्या दिवशी आपल्या दातांच्या लॅबमध्ये मी बोलले ते बोलले. तूही काही कमी बोलली नाहीस. पण बाबा गेल्यापासून आपण दोघीच आहोत, आणि माणूस निदान जेवायला तरी येतो गं!

बाकी लग्न छान झालं. हॉल थंड, माइक चालू, फोटो भरपूर. सासूबाई सोडून सगळे हसतायत. त्या बाई दिवसभर तोंड मिटून बसल्या होत्या. एकेक पाहुणा येऊन म्हणतोय, "काय हो, सून आवडली नाही वाटतं?" आणि त्या नुसत्या मान हलवतायत, हो पण नाही, नाही पण नाही. मी त्यांना पूर्ण कवळी करून दिली, वरची-खालची, अठ्ठावीस दात, लग्नाची भेट म्हणून. एकदा दाखवायला तरी हसायचं! फोटोग्राफर म्हणाला, "आई, स्माइल," तर मान फिरवली. मी नवऱ्याला म्हटलं, तर म्हणतो, "अगं तिचा स्वभावच तो, तू मनावर घेऊ नकोस." मी मनावर घेतलंय.

आपल्या लॅबला काम देणारे डॉक्टर बरेच आले होते. सगळे म्हणत होते, नव्या कामाला शुभेच्छा. चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी तेवढ्या शुभेच्छा दिल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझी ताई कुठाय?" मी म्हटलं, बरं नाहीये तिला. तर म्हणाल्या, "हं." त्यांचं 'हं' तुला माहितीये.

तुझ्यावर खूप चिडलेली,
धाकटी


१० तारीख, मंगळवार, सकाळ

ताई,

कालचं पत्र तुला मिळायच्या आत हे लिहितेय, कारण आता मला धीर धरता येत नाही. माझ्या अंगाची लाही लाही होतेय.

काल चहा झाल्यावर नवरा म्हणाला, डोळे मीट. मी मिटले. लग्न होऊन दोन दिवस झालेली बाई डोळे मीट म्हटलं की मिटते, हसू नकोस. हात धरून त्याने मला पुढच्या खोलीत नेलं, जी लग्नाआधीपासून बंद होती, 'जुनं सामान आहे' म्हणून. म्हणाला, उघड.

लॅब. ताई, अख्खी लॅब! दोन टेबलं, वर दिवे, प्लास्टर घासायचं मशीन, दात बसवून बघायचा कोरा करकरीत लोखंडी जबडा, आपल्यासारखा बिजागरीला दोरा बांधलेला नाही. आणि भिंतीला टेकवून एक बोर्ड. त्यावर माझं नाव, खाली त्याचं.

आता खरं सांगते, कारण तू तसंही ओळखशील. पाच मिनिटं मी खूश होते. मोटर चालू केली तर आवाजच नाही! आपली कशी, चालू केली की शेजारच्या शिंप्याची कात्री थांबते. मी एक टोक लावून प्लास्टरच्या तुकड्यावर फिरवून पण बघितलं. लोण्यासारखं. मी अक्षरशः उड्या मारल्या. सॉरी.

मग भिंतीवरचा कागद दिसला. अकरा नावं. अकराही आपले डॉक्टर. आणि क्रम कुठला, तर आपल्या डिलिव्हरीच्या रजिस्टरचा. ज्यांना वरच्या कप्प्यात ठेवतेस ते वर, ज्यांना मापं धड घेता येत नाहीत म्हणून शिव्या घालतेस ते खाली.

मी म्हटलं, "हे काय?"

तो म्हणाला, "तुझे क्लायंट."

"ते लॅबचे आहेत."

"लॅब म्हणजे काय गं, भिंती? काम तुझ्या हातचं आहे, ते हाताबरोबर येणार. सगळ्यांशी बोलून झालंय माझं. पत्रिकेबरोबर नव्या लॅबची कार्डं पण गेलीत."

पत्रिकेबरोबर. म्हणजे 'नव्या कामाला शुभेच्छा' म्हणजे लग्न नव्हे! माझ्याच लग्नात मी सोडून सगळ्या हॉलला माहीत होतं, आणि मी वेड्यासारखी थँक्यू थँक्यू करत फिरत होते.

तू मला हेच सांगत होतीस. दोन आठवड्यांपूर्वी, हातात वाटी धरून, प्लास्टर घट्ट होत चाललंय आणि तू ढवळायचं विसरलीस. "सॅम्पल आपल्या डॉक्टरांना फोन करतोय, तू वेगळी होणार म्हणून." आपण त्याला सॅम्पल म्हणायचो, कारण कंपनीचा माल विकायला आला की आधी फुकटातली पुडी पुढे करायचा. तेव्हा किती हसायचो. आता मी सॅम्पलची बायको.

आणि मी काय म्हणाले? ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

तुला वाटेल, रजिस्टर त्याला मिळालं कुठून. मीच फोटो काढून पाठवला होता. तो म्हणाला, पत्रिका पाठवायच्यात, पत्ते दे. मी पानंच्या पानं पाठवली. तो अकरावीच्या पोरासारखा हार्ट पाठवत होता आणि मी पानं उलटत होते. 

तू बरोबर होतीस, आणि त्याचाच जास्त राग येतोय. बरोबर असलेल्या माणसाने लग्नाला यावं ना! येऊन कान धरावा!

धाकटी


१२ तारीख, गुरुवार, दुपार

ताई,

हे पत्र भांडायचं आहे. बसून वाच.

तीन दिवस बघतेय, सासूबाई जेवत नाहीत. दूध, सूप, कुस्करलेलं केळं. मी म्हटलं, माझ्यावर रुसून उपास चाललाय की काय. आज सकाळी बेसिनपाशी गेले तर ग्लासात कवळी. माझी. भर दिवसा ग्लासात. मी ती उचलली, आणि आपले हात कसे आहेत माहितीये ना, डोळ्यांच्या आधी त्यांना कळतं. उजवीकडची मागची दाढ. तिच्या टोकावर चकाकी. सगळा जबडा त्या एका दाढेवर टेकतोय, बाकी अठ्ठावीसातले सत्तावीस नुसते उभे.

मी आत गेले. म्हटलं, "आई, आ करा."

त्यांनी तोंडावर पदर धरला.

"आई, मी दातांचंच काम करते. आ करा."

मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं. खालच्या हिरडीवर वाटाण्याएवढी जखम, मधे पांढरी, कडेने लाल. ताई, ती बाई अशा तोंडाने माझ्या लग्नात सात तास बसली होती! आणि मी तिला मनात काय काय म्हणत होते.

"बोलला का नाहीत?"

त्या बिनदातांच्या बोलतात तेव्हा शब्द मऊ येतात, पण अर्थ मऊ नव्हता. म्हणाल्या, "लग्नाच्या सकाळीच म्हटलं मी त्याला, बोचतंय. तर म्हणाला, आजचा दिवस तोंड बंद ठेव. सगळे डॉक्टर येणारेत, तिच्या हाताला बट्टा लागेल."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"मुलाचं लग्न होतं गं. आणि तू एवढ्या हौसेने केलेली." मग जरा थांबून म्हणाल्या, "दिसायला मात्र छान आहे हो. आरशात दोनदा बघितलं मी."

मला तिथेच रडू फुटलं.

आता तुझं. आपल्या लॅबचा नियम कुणी केला? तू. करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून प्रत्येक कामाबरोबर जाणाऱ्या कार्डावर दोन सह्या, एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दुसरी सही झाल्याशिवाय पेटी बंद करायची नाही. बाबांच्या कामावर पण तू लाल शाईने 'पुन्हा कर' लिहायचीस. लोखंडी जबड्यात बसवायची, मधे निळा कागद ठेवायचा, टकटक करायचं, निळा ठिपका जास्त गडद कुठे उमटतो ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. ही दाढ तुला डोळे मिटून पण सापडली असती.

कवळीच्या पेटीतलं कार्ड माझ्यासमोर आहे. त्यावर तुझी सही आहे. दिसतेय. काय म्हणायचं आता? माझ्यावरचा राग तू एका म्हाताऱ्या बाईच्या हिरडीवर काढलास?

संध्याकाळी नवरा आला की त्याला पण हे कार्ड दाखवणार आहे. त्याला मी आज सोलून काढणार, ते वेगळं. पण दाखवणार.

धाकटी


१३ तारीख, शुक्रवार, सकाळ

ताई,

कालचं पत्र वाचू नकोस. आलं तर फाडून टाक. मी ते परत काढायला गेले होते. टपालपेटीच्या फटीत मनगटापर्यंत हात गेला आणि अडकला. नवी कोरी साडी, अंगावर लग्नाचे दागिने, आणि पोस्टाच्या पेटीत हात. एक आजोबा विचारतात, "काय हरवलं बाळ?" मी म्हटलं, काही नाही, जरा डोकं.

ती सही माझी आहे.

लिहिली. आता बाकीचं पण लिहिते.

गेल्या शुक्रवारी, लग्नाच्या आदल्या दिवशी, मला घाई होती. पार्लरची वेळ चुकत होती. कवळीच्या साच्याचा फ्लास्क उकळत्या पाण्यातून काढला आणि तसाच नळाखाली धरला. हो, नळाखाली. तू पहिल्या दिवशी शिकवलं होतंस, हा साचा आपोआप गार होऊ द्यायचा, रात्रभर लागली तरी चालेल, घाई केलीस तर आतलं कवळीचं ॲक्रिलिक पीळ घेतं. दिसणार नाही, पण घेतं. मला माहीत होतं आणि मी नळ सोडला. वाफ आली, तू मान वर केलीस. मला वाटलं, आता ओरडेल. तू ओरडली नाहीस, कारण आपलं बोलणं बंद होतं.

तू तीन फुटांवर बसली होतीस. नुसती कवळी पुढे करायची होती. "ताई, बघ जरा." तीन शब्द. ते तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. तू हात धुवायला मागे गेलीस तेव्हा मी कार्डावर तुझी सही केली. तुझी सही मला शाळेपासून येते, प्रगतिपुस्तकावर बाबांऐवजी तूच करायचीस ना. मग पेटी बंद केली. डॉक्टरीणबाईंकडे बसवायला न्यायची, त्याऐवजी तो म्हणाला, थेट घरीच देऊ, आईला धावपळ नको. मी म्हटलं, हो. जिथे जिथे ती अडली असती, तिथून मी ती पुढे सोडली.

कालपर्यंत मी स्वतःलाच पटवलं होतं की तू बघितली असशील. नुसतं ओझरतं. टेबलावर पडली होती, नजर गेली असेल, म्हणजे सही तशी खरीच. माणूस काय काय शोधून काढतो! 

पण काल संध्याकाळी काय झालं ते ऐक, म्हणजे हे पत्र का ते कळेल. नवरा आधी खाली मान घालून माझ्या शिव्या ऐकत होता. मी कार्ड त्याच्यासमोर आपटलं, म्हटलं, "ताईने पण न बघता सही केलीय, तुम्ही सगळे सारखे!" आणि त्याची मान वर आली. कार्ड उचललं, दिव्याखाली धरलं, फोटो काढला. मग आईकडे गेला, "आई, जरा आ कर," म्हणून तिच्या जखमेचा फोटो. त्या बिचाऱ्यांना वाटलं, औषध आणतोय.

मी म्हटलं, "काय करतोयस?"

तर म्हणतो, "काही नाही. जुन्या लॅबमध्ये तपासणी कशी होते ते डॉक्टरांना कळायला नको? दोन-चार जण अजून कुंपणावर बसलेत, तेवढं पुरे."

"ती माझी बहीण आहे."

"मग? सही तिची आहे की नाही?"

मी गप्प बसले. ताई, मी गप्प बसले. पूर्ण एक मिनिट. त्या मिनिटात मला लख्ख दिसत होतं. मी काही बोलले नाही तर तुझं नाव जाणार, सव्वीस वर्षांत तू एक कार्ड न बघता सोडलं नाहीस ते नाव. आणि बोलले तर माझं. माझं तर अजून झालेलंही नाही, बोर्डवर नुसतं रंगवलंय.

मग म्हटलं, "नाही. सही माझी आहे."

तो हसला. म्हणाला, "अगं, बहिणीला वाचवायला एवढं?"

मी कागद घेतला आणि त्याच्यासमोर तुझी सही पाच वेळा केली. एकाखाली एक. मग त्याचं हसू गेलं.

म्हणाला, "हे कुणाला बोलू नकोस. तू बोललीस तर ही खोली बंद पडेल. खोटी सही करणाऱ्या बाईकडे कोण काम देईल?"

म्हणाला ते खरंय. म्हणूनच आज बोलणार आहे.

आणि ते त्या दिवशीचं. लिहीत नाही म्हणाले होते ना, लिहिते. "तुझं लग्न कुणी केलं नाही म्हणून तुला माझं बघवत नाही." हेच. तुझ्या हातातलं प्लास्टर वाटीतच दगड झालं होतं. तू वाटी सिंकमध्ये ठेवलीस, एप्रन काढलास आणि खिळ्याला अडकवलास. रोजच्यासारखाच, नीट. ते नीट अडकवणं मला लग्नात सारखं दिसत होतं. तू का आली नाहीस, मला पहिल्यापासून माहीत होतं गं.

धाकटी


१६ तारीख, सोमवार, दुपार

ताई,

अकरा फोन केले. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. दात नाहीत, तोंडात औषध, हातात तो भिंतीवरचा कागद, एकेक नाव बोटाने दाखवत होत्या. पुढचा. आता हा. मी प्रत्येकाला तेच सांगितलं. फोटो आला असेल किंवा येईल, कार्डावरची तपासणाऱ्याची सही खोटी आहे, मी केलीय, ताईने ती कवळी हातात पण घेतलेली नाही. नवी लॅब निघणार नाही.

काही जण नुसते "ओके, ओके" म्हणाले. एकाने विचारलं, आधीच्या कामांवर पण अशा सह्या आहेत का. हा प्रश्न मला यायलाच हवा होता. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणून धरायचं?" एकाने मधेच फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या ताईला सांगितलंस का?"

"पत्र टाकलंय."

"पत्र!" म्हणाल्या. "चालत गेलीस तर पंचवीस मिनिटं." मग म्हणाल्या, "सासूला घेऊन ये उद्या, जखम दाखव." आणि मग ते 'हं'. पण या वेळचं जरा वेगळं होतं. किंवा मला तसं वाटून घ्यायचंय.

नवरा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तू गप. तुझं तोंड बंद ठेवायचा दिवस आज आहे." बिनदातांच्या, ताई! असं बोलल्या की तो उलट्या पावली आत गेला. मी एवढी चिडलेली होते तरी हसले. त्या पण हसल्या, मग जखम दुखली म्हणून थांबल्या.

माझं काय ठरलंय ते सांगते. खोलीची किल्ली त्याला दिली. बोर्ड त्याने उलटा करून ठेवलाय, पण घरात आहे अजून, आणि तो दिसला की माझं डोकं सणकतं. त्याच्याशी मी बोलत नाही. मावशी म्हणते, नव्याचे दिवस आहेत, सोडून दे. मी सोडणार नाही. मी त्याला सांगितलंय, अशी जखम भरायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस मी इथे आहे, कारण मला ती रोज बघायचीय. तेवढ्यात त्याने पण अकरा फोन करायचे, स्वतःच्या तोंडाने, माझ्यासमोर, आणि आईची माफी मागायची. नाही जमलं तर मी निघाले. कुठे जाणार विचारलं त्याने. मी म्हटलं, ते तुझ्या कागदावर नाही.

आज सकाळपर्यंत एक फोन झालाय. फक्त एक, आणि तो पण ज्यांना मापं धड घेता येत नाहीत त्यांना. सोप्यापासून सुरुवात केलीय. बघू.

हे पत्र पोस्टाने नाही. सासूबाई घेऊन येतायत. मी म्हटलं, तुम्ही कशाला, तर म्हणाल्या, "दात माझे आहेत." त्या दारात असतील, त्यांना आत घे, जिना चढून दम लागतो. बोलणं समजायला जरा वेळ लागेल, पण बाई भारी आहेत.

पेटीत कवळी आहे. मी ती घासून जुळवू शकले असते. त्या खोलीत मोटर आहे, बिनआवाजाची. नाही केलं. जुनं कार्ड पण आत आहे, त्यावरच्या खोट्या सहीवर मी काट मारलीय आणि शेजारी माझं नाव लिहिलंय. तुझ्या कपाटात राहू दे. आणि एक नवीन कार्ड. करणाऱ्याच्या रकान्यात माझी सही. तपासणाऱ्याचा रकाना मोकळा आहे.

जबड्यात बसव. निळा कागद घाल. उजवीकडे मागे बघ, पण मी सांगतेय म्हणून तेवढंच नको, सगळी बघ. लाल शाईची बाटली खिडकीत असते, झाकण घट्ट बसलेलं असेल, कोमट पाण्याखाली धर. तू कार्डावर 'पुन्हा कर' लिहिलंस, तर मी येऊन पुन्हा करीन. पहिल्यापासून, माप घेण्यापासून. साचा गार होईपर्यंत शेजारी बसून राहीन, बोललीस तर बोलू, नाही तर नुसती बसेन.

पण न बघता सही करू नकोस. माझ्यावर दया आली तरी.

धाकटी